विद्यापीठाच्या कुटुंबनिवासातले समाजकेंद्र आणि पाळणाघर : आराखड्यातल्या या चुका टाळा

सभागृह आणि पाळणाघर यांना एकच प्रवेशद्वार देणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली आणि सर्वांत घातक चूक आहे. एकच स्वागतकक्ष पुरतो आणि खर्च वाचतो, हे तिचे ठरलेले समर्थन असते. अशाच एका केंद्राच्या पाहणीसाठी मला बोलावले होते. संध्याकाळी पालक मुलांना न्यायला येत, नेमकी त्याच वेळी सभागृहातल्या कार्यक्रमाची माणसे आत शिरत, बाबागाड्यांनी वाट अडलेली असे आणि मागून येणाऱ्यासाठी कोणीतरी दार धरून उभे असे. त्या गर्दीतून तीन वर्षांची एक मुलगी कोणाच्याही नकळत बाहेर पडली आणि वाहनतळापाशी एका विद्यार्थिनीला दिसली, म्हणून अनर्थ टळला. नंतर तिथे इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवले, परंतु माणसे सौजन्याने दार धरून ठेवत असतील, तर कुलपाचा काय उपयोग? मी कोणताही आराखडा पाळणाघराच्या स्वतंत्र दारापासून सुरू करते, बाबागाड्यांना दाराबाहेर छताखाली जागा देते, आणि ते दार व अंगणाचे फाटक कार्यालयातून बसल्या जागी दिसेल याची खात्री करते.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. इंग्लंडच्या नियमांनुसार दोन वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ३.५ चौरस मीटर जागा लागते. ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे आत ३.२५ आणि बाहेर ७ चौरस मीटर लागते. घाईत असलेले लोक भिंतीपासून भिंतीपर्यंत ४२ चौरस मीटर मोजून बारा बाळांची खोली जाहीर करतात. साठवणीची जागा आणि येण्याजाण्याची वाट वगळून ३५ उरले, तर तिथे इंग्लंडच्या मापाने दहाच बाळे मावतात. शिवाय हा आकडा किमान आहे, त्यालाच उद्दिष्ट मानणे मला अजिबात पटत नाही.

डायपर बदलण्याचे टेबल असे ठेवावे, की बदलणाऱ्याची पाठ मुलांकडे होणार नाही, आणि हात धुण्याचे बेसिन त्याला लागूनच असावे. दारांच्या बिजागरीकडची फट झाकावी, तिथे बोटे चिरडतात. तान्ह्या बाळांची खोली तळमजल्यावरच हवी.

पालकांची मते भर दुपारी बैठक घेऊन विचारू नयेत, कारण त्या वेळी ते वर्गात किंवा प्रयोगशाळेत असतात. मी संध्याकाळी सामाईक धुलाईखोलीत जाते; यंत्र थांबेपर्यंत पालक तिथेच असतात, मुलेही सोबत असतात, आणि खेळघर धुलाईखोलीला काचेच्या भिंतीने जोडावे ही मागणी तिथेच ऐकायला मिळते.