उजवीकडून पान एक

जुन्या हस्तलिखितांचे पानोपान फोटो काढण्याच्या कामात येऊ पाहणारे सगळ्यात आधी विचारतात, कॅमेरा कुठला? मीही तेच विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात एक फारसी हस्तलिखित सवयीने डावीकडून उघडलं, शेवटच्या पानाला १ नंबर देऊन मोकळा झालो. फाइलींची नावं बदलण्यात दोन दिवस गेले.

म्हणून आधी लिपी शिका. अर्थ लागला नाही तरी चालेल, अक्षरं ओळखता आली पाहिजेत. जुन्या हस्तलिखितांना पृष्ठांक बहुधा नसतातच. उघडलेल्या जोडपानात उजव्या पानाच्या तळाशी एक सुटा, बरेचदा तिरका शब्द असतो आणि डावं पान त्याच शब्दाने सुरू होतं. याला रकाबा म्हणतात. आपली घोड्याची रिकीब याच घराण्यातली. एकदा खाली ‘दिल’ होतं आणि पुढच्या फोटोत पान सुरू होत होतं ‘चून’ने. मधल्या पानाचा फोटो काढायचाच राहिला होता. कधी मात्र चूक जुन्या बांधणाऱ्याची असते. तेव्हा क्रम सुधारायचा मोह आवरा. आहे तसे फोटो काढा आणि गडबड नोंदीत लिहा. कोरी पानंसुद्धा सोडू नका.

बाकी शिस्त महिनाभरात अंगवळणी पडते. फ्लॅश नको, दोन्ही बाजूंनी दिवे, चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी, मूळ फाइल टिफमध्ये. पुस्तक सपाट दाबायचं नाही, खाली आधार द्यायचा. पान उलटताना बोट ओलं करणाऱ्याला मी खोलीबाहेर काढतो, कारण काजळ आणि डिंकाची शाई पाण्याने सुटते. हिरव्या रेघांची चौकट दिसली तर हात आणखी हलका ठेवा. तो जंगार, म्हणजे तांब्याचा रंग. तो कागद खातो. मग मजकुराचा चौकोन कापल्यासारखा सुटून हातात येतो.

हस्तलिखिताच्या शेवटी तर्कीमा, म्हणजे समारोपाची नोंद असते, त्यात लेखनिकाचं नाव आणि हिजरी साल मिळतं. ठरावीक आकडा मिळवून इसवी सन काढू नका. हिजरी १००० म्हणजे १५९१-९२, पण हिजरी १२०० म्हणजे १७८५-८६. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान असल्याचा हा परिणाम.

जमलं तर पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय किंवा रामपूरचं रझा ग्रंथालय बघून या. एखाद्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ लिहिलेलं दिसेल, पुस्तकाला कसर लागू नये म्हणून केलेली विनवणी. नोंदीत तीही घ्या. शेजारची भोकंही.