ऊडनाडाटा ट्रॅक: वाळवंटात तंबू टाकत ६२० किलोमीटर

पुण्याहून कोकणात उतरताना पेट्रोलचा काटा खाली आला तरी आपण म्हणतो, ‘पुढे मिळेल की!’ दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकवर निघताना ही सवय घरी ठेवायची. मरी ते मार्ला असा हा ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा एवढ्या दोनच वस्त्या, त्याही एकमेकींपासून २०० किलोमीटरवर. गाडी डावीकडून चालवायची, इतकंच काय ते ओळखीचं. (मरी हे नाव आपल्या कानाला अशुभ वाटतं, पण गाव झकास आहे.)

१. महिना ठरवा. मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला थंडीचा काळ. ऊडनाडाट्याला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलंय, तेव्हा उन्हाळ्याचा विचारही नको. हिवाळ्यातल्या रात्री मात्र हाडं गोठतात. तंबू साधा चालेल, स्लीपिंग बॅग चांगलीच घ्या.

२. गाडी तयार करा. फोर-व्हील ड्राइव्ह घ्या. भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, हे करारात शोधून वाचा. बऱ्याचदा नसतो. स्टेपन्या दोन हव्यात, शिवाय हवेचा पंप आणि प्रेशर गेज. मोबाइलला बहुतेक वाटेत रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकन (आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत बचाव पथकाला कळवणारं छोटं यंत्र) बरोबर ठेवा.

३. पाणी आणि शिधा भरा. माणशी रोज १० लिटर पाणी, वर दोन-तीन दिवसांचं जास्तीचं. सगळं एकाच टाकीत भरू नका. टाकी गळली की संपलं. गॅसच्या शेगडीवर पिठलं-भात झटपट होतो. भारतातून आणलेली भाजणी, मेतकूट विमानतळावर न विसरता जाहीर करा. दुसऱ्या राज्यातून गाडीने येत असाल तर फळं-भाज्या सीमेआधीच संपवा. फळमाशीमुळे तिथे कडक तपासणी असते.

४. निघायच्या दिवशी सकाळी रस्ता उघडा आहे का बघा. थोड्या पावसानेही मातीचा राडा होतो आणि रस्ता बंद करतात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड.

५. मरीहून निघताना टायरची हवा कमी करा. साधारण २८ पीएसआय ठीक. ओझ्यानुसार थोडं इकडेतिकडे. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा असतात, टणक टायरवर त्या दातांपर्यंत जाणवतात. वेग ८०च्या आत ठेवा. समोरून गुरांचा ट्रक आला तर डावीकडे थांबून धुरळा बसू द्या. अंधार पडण्याआधी तंबू ठोका, कारण कांगारू संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

६. मुक्काम पाण्याच्या रेषेवर धरा. इथे घाई करू नका. हा रस्ता इथून जातो तोच झऱ्यांमुळे. ग्रेट आर्टेजियन खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी दाबाने वर येतं आणि झऱ्यांची माळच लागते. मूळ रहिवाशांच्या वाटा याच झऱ्यांवरून गेल्या. मग १८७२ मध्ये तारायंत्राची लाइन आली, आणि मागून वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून ‘घॅन’ नावाची रेल्वेही याच वाटेने. ती १९८० मध्ये बंद पडली.

रेल्वे येण्याआधी मालवाहतूक उंटांवर चाले. १८६६ साली उंटांचा मोठा तांडा बोटीने आला तो कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! त्या उंटवाल्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती मरीत आहे.

पहिली रात्र मरीपासून १३० किलोमीटरवर कावर्ड स्प्रिंग्जला: खजुराची जुनी झाडं, कोमट पाण्याचा हौद. त्याआधी ‘बबलर’ झरा बघा, चिखल बुडबुडत असतो. काटी थांडा हे मिठाचं सरोवर समुद्रसपाटीच्या १५ मीटर खाली जातं. इथल्या मूळ रहिवासी अरबाना लोकांसाठी ते पवित्र आहे, तेव्हा काठावरूनच पाहा. दुसरी रात्र अल्जेबकिना पुलाजवळ. त्याच जुन्या रेल्वेचा ५७८ मीटर लांब लोखंडी पूल, आता निव्वळ वाऱ्यासाठी उभा.

७. गाडी बंद पडली तर तिथेच थांबा. गाडीची सावली धरा, बॉनेट उघडं ठेवा, बीकन चालू करा. मदत शोधायला चालत निघू नका. शोधणाऱ्यांना विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

८. मार्ल्याला डांबर लागलं की टायरमध्ये परत हवा भरा, आणि चाकांचे नट एकदा आवळून घ्या. एवढ्या धक्क्यांनी ते सैल होतात.