परदेशी विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची असेल तर…

जनसंवाद, एमएसडब्ल्यू, बीएड यातलं काहीही करत असाल तर हे काम कधी तरी वाट्याला येण्याची शक्यता आहे: एका परदेशी विद्यार्थ्याशी त्याच्या देशाबद्दल आणि संस्कृतीबद्दल बोला आणि लिहून आणा. गावाकडच्या पोरापोरींना पहिली धास्ती ही, की परदेशी माणूस आणायचा कुठून? वर्ध्याच्या आसपास राहणाऱ्यांना ती नको. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून इथं आहे, आणि हिंदी शिकायला श्रीलंका, थायलंड, चीन अशा कुठकुठल्या देशांतून विद्यार्थी येतात. मी देवळी तालुक्यातली. मी बोलले ती श्रीलंकेची मुलगी, अनुराधपुर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नाव छापलेलं तिला नको होतं, म्हणून इथंही देत नाही.

आमच्या वर्गात बहुतेकांच्या प्रश्नांची यादी एकाच साच्यातली होती. तुमचा राष्ट्रीय सण कोणता, पेहराव कोणता, मुख्य अन्न काय, भारत कसा वाटला. असल्या प्रश्नांना समोरचा माणूस शाळेच्या पुस्तकातली उत्तरं देतो, त्यात त्याचा दोष नाही. शेवटच्या प्रश्नाला तर 'बहुत अच्छा' याखेरीज दुसरं उत्तर शक्यच नाही. पाहुण्यानं यजमानाच्या तोंडावर आणखी काय म्हणायचं?

माझं मत असं, की प्रश्न आपल्या घरातून काढावेत. आपल्याकडं ज्याची रोज चिंता असते, पाऊस, पीक, चूल, पोरीचं लग्न, तेच तिकडं कसं चालतं ते विचारावं. पण त्यासाठी आधी थोडं वाचलेलं हवं, नाही तर आपलं कुठं जुळतं आणि कुठं नाही हेच कळत नाही. निदान नकाशा, पावसाचे महिने आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मोठ्या घडामोडी एवढं तरी पाहून जा. श्रीलंकेचं वाचताना मला भदंत आनंद कौसल्यायन सापडले. ते भिक्खू झाले श्रीलंकेत, हिंदीचा प्रचार करणाऱ्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचं काम त्यांनी अनेक वर्षं पाहिलं, आणि पुढं श्रीलंकेत परत जाऊन विद्यालंकार विद्यापीठात हिंदी शिकवलं. तेच आताचं केलानिया विद्यापीठ. ही मुलगी हिंदी शिकली होती केलानियातच. पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं आणि पुढचा अर्धा तास मला काही विचारावंच लागलं नाही.

भेट ठरवण्याबद्दल थोडक्यात. मेसमध्ये गाठून 'जरा दो मिनट' करू नका. विभागातल्या शिक्षकांमार्फत निरोप द्या, परीक्षेचे आणि व्हिसा-नोंदणीच्या धावपळीचे दिवस टाळा, मुलींच्या होस्टेलची वेळ पाळा. रेकॉर्डिंग विचारूनच करा. शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी दोन्हीकडच्या सरकारांबद्दल जपून बोलतो, ते समजून घ्या. जाताना गोरसपाक न्या. वर्ध्याचं आहे, टिकतं, आणि खाता खाता माणूस मोकळं बोलतो.

भाषेचं म्हणाल तर आम्ही हिंदीत बोललो. तिची हिंदी पुस्तकी, नीटनेटकी, माझी आपली नागपुरी वळणाची. मी 'काहे को' म्हटलं की ती वहीत काही तरी टिपून घ्यायची. मुलाखत मी घेत होते की ती, असं मधूनमधून वाटायचं.

सणांबद्दल विचारायचं असेल तर 'कसा साजरा करतात' याऐवजी 'गेल्या वर्षी त्या दिवशी तू कुठं होतीस' असं विचारून पाहा. सिंहली आणि तमिळ लोकांचं नवं वर्ष १३-१४ एप्रिलला येतं, सूर्य मेष राशीत जातो तेव्हा. जुनं वर्ष संपून नवं लागेपर्यंत मध्ये काही तास असे असतात की त्यात काम करायचं नाही, चूल पेटवायची नाही. मग ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर देशभर चुली पेटतात, नव्या मडक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात, आणि नारळाच्या दुधातला भात, किरिबत, थापून त्याच्या वड्या पाडतात. हे सगळं इंटरनेटवर मिळेल. मिळणार नाही ते असं: त्या दिवशी ती वर्ध्यात खोलीवर होती, बाहेर आंबेडकर जयंतीची मिरवणूक, निळे झेंडे, डीजे, आणि आत ही मोबाइलवर मुहूर्त बघत विजेच्या शेगडीपुढं बसलेली. दूध उतू गेलं ते थेट कॉइलवर. फ्यूज उडाला, अख्ख्या मजल्याची लाइट गेली. एप्रिलचा उकाडा, पंखे बंद! सगळ्या पोरी बाहेर आल्या, आणि तिनं अंधारातच सगळ्यांना किरिबत वाटला. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, दूध कोणत्या दिशेनं सांडलं ते आधी सांग.

तिला मी आमच्या गावी घेऊन गेले, आणि माझ्या मते मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं काम त्या दिवशी झालं, तेही मी न करता. भंडाऱ्याकडचे माझे मामा आले होते, धानाचे शेतकरी. तिचं गाव कमी पावसाच्या कोरड्या पट्ट्यातलं, शेती तलावाच्या पाण्यावर. तलावाला ते वॅव म्हणतात. एकाखाली एक तलावांची माळ, वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात. आमच्याकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव, मामांनी जन्मभर पाहिलेले, त्यामुळं त्यांना ते लगेच डोळ्यांपुढं दिसलं. तिच्याकडचा मुख्य हंगाम, महा, ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो, कारण त्या भागाला मोठा पाऊस ईशान्य मोसमीचा. आपला पावसाळा उठतो तेव्हा त्यांचा बसतो. दुसरा हंगाम यल, तो एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होतो, आणि तेव्हा पाण्याची ओढाताण.

मामांनी लगेच विचारलं, "अन् तलाव अर्धाच भरला त मंग पाणी कोणाले देता?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. माझ्याच काय, कुणाच्याच यादीत नसता. तिनं सांगितलं की अशा वर्षी गाव बेत्म करतं. तलावाला लागून जेवढी जमीन भिजेल तेवढीच त्या हंगामापुरती कसायची, आणि ती सगळ्यांत वाटून घ्यायची, मालकी कुणाची का असेना. हंगाम संपला की जमीन ज्याची त्याला. तिच्या आजोबांचं शेत तलावाला लागून होतं, त्यामुळं अशा वर्षी त्यांच्या बांधात दुसऱ्यांचे नांगर चालायचे. आजोबा कुरकुरायचे का, असं मी विचारलं. ती हसली, म्हणाली, दरवेळी, पण घरात.

मामा म्हणाले, "आमच्याकडं असं केलं त डोकी फुटतीन बाप्पा." मी ते हिंदीत सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडंही फुटतात, म्हणून तर गावाची सभा बसते.

म्हणून सांगते, शक्य असेल तर घरातलं एखादं जाणतं माणूस सोबत बसवा. जो ज्या कामात मुरलेला असतो त्याला नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळतं. बाबांनी तिला खताचं विचारलं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मागं घ्यावी लागली. बाबांना धोरणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हवं होतं ते, युरियाशिवाय धान पिवळं किती दिवसांत पडलं. तिनं घरी फोन लावून विचारून घेतलं.

अवघड विषय येणारच. श्रीलंकेत १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं, २०२२ मध्ये परकीय चलन आटलं आणि पेट्रोल-गॅससाठी रांगा लागल्या. युद्धाबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. एकच माणूस दोन्ही बाजूंचं सांगू शकत नाही, आणि सिंहली घरातल्या मुलीचं म्हणणं 'श्रीलंकेचं म्हणणं' म्हणून छापणं तमिळ घरांवर अन्याय आहे. रांगांबद्दल मात्र ती आपणहून बोलली, कारण तो घरातला विषय होता: गॅस मिळेना म्हणून आजीनं परसातली चूल पुन्हा मांडली होती.

आमच्या गावच्या विहारात तिला नेलं तेव्हा बायांनी घेरलंच. पोयाला, म्हणजे दर पौर्णिमेला, तिच्या देशात सुट्टी असते, दारूची दुकानं बंद असतात, लोक पांढरे कपडे घालून विहारात दिवसभर शील पाळतात, हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. दीक्षाभूमीच्या बोधिवृक्षाचं नातं अनुराधपुरच्या बोधिवृक्षाशी आहे हे तर त्यांनीच तिला सांगितलं. मग एका आजींनी विचारलं, "तुमच्यात जात नसन ना बाई?" ती खरं बोलली. आहे म्हणाली. सिंहली बौद्धांतही आहे, शेतकऱ्यांची गोविगम जात वरची धरतात, रोजच्या व्यवहारात फारशी दिसत नाही, पण लग्नाच्या जाहिरातीत लिहितात. आजींना ते पटेना. बौद्ध म्हटल्यावर जात कशी, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि त्या मुलीकडं त्याचं उत्तर नव्हतं. माझ्या मार्गदर्शकांनी हा भाग गाळायला सुचवलं, 'वादग्रस्त' म्हणून. मी ठेवला. तिची परवानगी होती, आणि दोन बौद्ध घरं एकमेकांना खरोखर काही विचारत होती ती याच ठिकाणी.

लिहिताना 'श्रीलंकेत असं करतात' आणि 'तिच्या घरी असं करतात' ही वाक्यं वेगळी ठेवा. पहिल्या प्रकारचं वाक्य कुठून तरी पडताळलेलं हवं, दुसऱ्याला तिचा शब्द पुरे. कच्चा मसुदा तिला वाचून दाखवा. देवनागरी वाचता येते म्हणून मराठी कळेलच असं धरू नका, हिंदीत सांगा. माझ्या मसुद्यातला तिच्या भावाच्या नोकरीबद्दलचा मजकूर तिनं काढायला लावला, तो काढला. कारण विचारलं नाही.

आणि एक. या विद्यार्थ्यांनाही त्यांच्या विभागात भारतीय गावाबद्दल टिपणं लिहायची असतात. ती पोळ्याला आमच्याकडं परत आली ती वही घेऊनच, आणि बैलांच्या शिंगांना लावायचा रंग कुठल्या दुकानातून आणता इथपासून तिनं बाबांना विचारायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, आधी जेवून घे, मग लिही.