फोमच्या गादीसाठी पलंगाचा तळ बदलला

कोल्हापुरात आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल धरते, आणि आमच्या शिवाजी पेठेतील घरात सलग प्लायवूडच्या पलंगावर ठेवलेल्या फोमच्या गादीच्या खालच्या कापडावर काळपट ठिपके उमटून कुबट वास येऊ लागला. झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ फोममधून खाली उतरते आणि वाट न मिळाल्याने प्लायवरच साचून बुरशीला आमंत्रण देते. काथ्याच्या गादीला सलग फळी पुष्कळदा चालून जाते. फोम आणि लॅटेक्सच्या (रबराच्या) गादीला मात्र खालून वारा मिळावा लागतो.

गादी उभी करून पंख्याखाली वाळवली आणि सुतारांकडून प्लाय काढून सागवानी पट्ट्या आडव्या बसवून घेतल्या. दोन पट्ट्यांमधील अंतर ७ सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचा आग्रह मी धरला, कारण फट मोठी असली की फोम तिच्यात उतरतो आणि गादीला लाटा पडतात. “एवढ्या पट्ट्या कशाला, साहेब? लाकूड वाया जातंय की,” असे सुतार म्हणाले, पण पट्ट्यांच्या कडा त्यांनी रंधा मारून गोल केल्या, त्यामुळे गादीचे कापड घासत नाही.

डबल पलंगाला मधोमध आधाराचा पाय हवाच. आमच्या पलंगाचा हा पाय फरशीला टेकतच नव्हता, खालून पोस्टकार्ड सहज सरकत होते. तिथे रबराची चकती बसवल्यावर मधला झोल गेला. पट्ट्यांखालच्या कप्प्यात रजया ठासून भरल्या तर वारा पुन्हा अडेल, म्हणून तो कप्पा आता अर्धा रिकामा असतो, यावर घरात अजून कुरकुर चालते.

नवी गादी घेणाऱ्यांनी वॉरंटीच्या कागदावरील तळाविषयीची अट आधी वाचावी.