स्क्रीनवर दिसतं, फाईलमध्ये येत नाही: स्क्रिप्टच्या इनपुट-आउटपुटच्या भानगडी

स्क्रिप्ट लिहायला शिकताना लूप, इफ वगैरे लवकर जमतं, डोकं फिरतं ते वेगळ्याच ठिकाणी. टर्मिनलवर सगळं मस्त चालतं आणि त्याच स्क्रिप्टचं आउटपुट फाईलमध्ये वळवलं किंवा ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणारी सोय) टाकली की काहीतरी गायब. एक गोष्ट आधी पक्की करा, स्क्रिप्टला कीबोर्ड आणि स्क्रीन असलं काही माहीत नसतं. तिला फक्त तीन वाटा मिळतात: 0 म्हणजे आत येणारं, 1 म्हणजे बाहेर जाणारं, 2 म्हणजे एररची बोंबाबोंब. त्या कुठे जोडायच्या हे शेल (टर्मिनलमध्ये तुमचे आदेश चालवणारा प्रोग्राम) ठरवतो, आणि तेही प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी.

हे "आधी" लक्षात ठेवलं की अर्ध्या भानगडी सुटतात. उदा. सॉर्ट करून निकाल त्याच फाईलमध्ये, आउटपुट वळवणाऱ्या > ने लिहायला गेलात तर फाईल रिकामी होते, कारण शेलने ती आधीच पुसून ठेवली, सॉर्टला वाचायला उरलं काय? सॉर्टपुरता -ओ पर्याय आहे, बाकी ठिकाणी सरळ वेगळ्या फाईलमध्ये लिहून मग नाव बदला. सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने आदेश चालवणारा) लावून इको (मजकूर छापणारा आदेश) केलं आणि > ने सिस्टमच्या फाईलमध्ये ढकललं तरी परवानगी नाही म्हणतो ना, तेही तेच, सुडो फक्त इकोला लागला, फाईल उघडणारा शेल तुमचाच साधा. तिथे इकोचं आउटपुट पाईपने (|, एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडणारी खूण) सुडो टी ला (tee, आलेलं फाईलमध्ये लिहिणारा आदेश) द्यायचं.

एरर फाईलमध्ये का येत नाहीत? कारण नुसतं > फक्त 1 ला वळवतं, 2 स्क्रीनवरच राहतं. दोन्ही हवं असेल तर आधी > लॉग आणि मग 2>&1. उलटं लिहिलं की फसतं, कारण 2>&1 चा अर्थ "1 आत्ता जिथे जातंय तिथे 2 ला पण पाठव" एवढाच आहे, आणि त्या क्षणी 1 स्क्रीनकडेच जात असतं. शेल हे डावीकडून उजवीकडे वाचतो, विषय संपला.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, बफर, म्हणजे बाहेर जाणारं आउटपुट थोडा वेळ साठवून ठेवायची जागा. पायथनची स्क्रिप्ट तासभर चालणार आहे, आउटपुट लॉगमध्ये वळवलंय, लॉग उघडून बघताय तर शून्य बाइट! स्क्रिप्ट अडकली असं वाटून लोक ती बंद करतात, पण ती बिचारी चालू असते. समोर टर्मिनल असेल तर पायथन ओळ संपली की लगेच बाहेर टाकतो, फाईल किंवा पाईप दिसला की मात्र वडापच्या जीपसारखं, भरल्याशिवाय हलायचं नाही. बफर हजारो बाइटचा, म्हणजे बारक्या बारक्या ओळींनी भरायला बराच वेळ लागतो. आणि मध्येच किल केलं तर आत बसलेलं सगळं गेलं. एरर आणि प्रिंट एकाच लॉगमध्ये घेतले की क्रम उलटासुलटा दिसतो तोही याच्यामुळेच, 2 वरचं लवकर पोचतं आणि 1 वरचं मागे बसलेलं असतं. उपाय सोपा आहे, पायथनला -यू देऊन चालवा किंवा जिथे गरज आहे त्या प्रिंटमध्ये फ्लश ट्रू करा (साठवलेलं लगेच बाहेर टाक असं सांगणं). टेलच्या (फाईलच्या शेवटच्या ओळी दाखवणारा आदेश) मागे दोन-दोन ग्रेप (हव्या त्या ओळी गाळून देणारा आदेश) जोडून लॉग लाइव्ह बघताना काहीच दिसत नसेल तर पहिल्या ग्रेपला --लाईन-बफर्ड द्या, रोग तोच आहे.

इनपुटकडे वळू. पायथनचं इनपुट नेहमी मजकूरच देतं, त्यामुळे 5 आणि 5 ची बेरीज 55 येते, आधी इंट करून घ्या. क्रॉनमध्ये इनपुट मागणारी स्क्रिप्ट टाकली तर ईओएफ एरर (इनपुट संपलं, अशी तक्रार) येणार, उत्तर द्यायला तिथे कोण बसलंय? अशा वेळी माहिती आर्ग्युमेंटने, म्हणजे स्क्रिप्ट चालवतानाच नावापुढे लिहून द्या.

बॅशवाल्यांसाठी (बॅश हा शेलचाच एक प्रकार) एक खास सापळा: व्हाईल रीड (एकेक ओळ वाचणारं लूप) लावून सर्व्हरची यादी वाचताय, आत एसएसएच (दुसऱ्या मशीनवर आदेश चालवणारा) आहे, आणि लूप पहिल्याच सर्व्हरनंतर गुपचूप थांबतं. एरर नाही, काही नाही. एसएसएचलाही तीच 0 नंबरची वाट मिळालेली असते, त्यामुळे उरलेली यादी तोच गिळतो. एसएसएचला -एन द्या, झालं. एफएफएमपेगही (व्हिडिओ-ऑडिओ रूपांतर करणारा प्रोग्राम) असंच करतो, त्याला -नोएसटीडीइन लावायचं.

विंडोजवर मराठी छापणाऱ्यांनी हे बघा. पायथन 3.6 पासून कन्सोलवर देवनागरी पाठवताना एरर येत नाही, पण तेच फाईलमध्ये वळवलं की चारमॅपची युनिकोड एरर येऊ शकते, कारण तिथे पायथन 3.14 पर्यंत सिस्टमचं जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) वापरलं जातं आणि बऱ्याच मशीनवर ते 1252 असतं, त्यात आपली अक्षरंच नाहीत. पायथन 3.7 किंवा पुढचा असेल तर -एक्स यूटीएफ8 देऊन चालवा.

आणि टर्मिनल एकदम गोठलं, काहीच टाईप होत नाहीये? चुकून कंट्रोल-एस दाबलं असेल, कंट्रोल-क्यू दाबा. नुसता कर्सर लुकलुकतोय आणि प्रॉम्प्ट (आदेश टाईप करायची खूण) येत नाही तर बहुतेक प्रोग्राम तुमच्या इनपुटची वाट बघतोय, नवीन ओळीवर कंट्रोल-डी द्या, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर.