उन्हाळ्यात बाहेरची ऑर्किडं: पाणी कुंडीला कमी, हवेला जास्त

एप्रिल लागला की पुणे-सातारा पट्ट्यात दुपारचा पारा ३८-४० अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. गॅलरीतल्या ऑर्किडची पानं सुरकुतली की हात आपोआप पाण्याकडे जातो. दिवसातून तीनदा कुंडी भिजते, आतली मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून पानं आणखी सुरकुततात. उन्हाळ्यात मरणारी बरीचशी ऑर्किडं अशी जातात. ही झाडं मुळात फांद्यांवर, वाऱ्यावर वाढणारी आहेत. त्यांना भिजलेली कुंडी नको, गार आणि दमट हवा हवी.

जागा आणि जाळी

सकाळी ९ पर्यंतचं ऊन सगळ्यांना चालतं, त्यानंतरचं गाळूनच द्यावं. डेंड्रोबियम, व्हँडा, मोकारा या प्रकारच्या ऑर्किडांना ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) पुरते, फॅलेनॉप्सिस या प्रकाराला ७५ टक्क्यांची लागते. पश्चिमेच्या गॅलरीत कठड्याच्या बाजूनेही उभी जाळी लावा, कारण तिथलं ३ नंतरचं ऊन तिरपं आत येतं. वरची जाळी झाडांच्या डोक्यापासून किमान दोन फूट उंच हवी. अगदी जवळ ताणली तर खाली गरम हवा कोंडते.

उजेड जोखायला उपकरण लागत नाही. दुपारी पानाच्या फूटभर वर हात धरा. सावलीच्या कडा धूसर असतील तर ठीक, बोटं न् बोटं स्पष्ट दिसली तर ऊन जास्त आहे. मग पान हाताच्या पाठीला टेकवून बघा. गरम लागलं तर झाड लगेच हलवा. करपलेल्या जागी आधी फिकट, कागदासारखा डाग पडतो, मग तो तपकिरी-काळा होतो. कोरडा राहिला तर पान कापू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न पुरवतो.

घरातल्या टेबलावरचं झाड एकदम गच्चीवर नेऊ नका. पहिला आठवडा पूर्ण सावलीत, दुसऱ्या आठवड्यात सकाळचं तासभर ऊन, मग जाळीखालची कायमची जागा. विदर्भात पारा ४५ ला टेकतो तेव्हा फॅलेनॉप्सिस आत, कूलरच्या खोलीतच ठेवावं. फक्त कूलरचा झोत थेट अंगावर नको.

फरशी तापते, ती आधी गार करा

गच्चीची फरशी आणि भिंत दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती उष्णता सोडत राहतात. कुंड्या जमिनीवर न ठेवता दीड फूट उंच मांडणीवर ठेवा किंवा टांगा, भिंतीपासूनही वीतभर लांब. खाली पसरट ट्रेमध्ये विटांचे तुकडे घालून पाणी भरा, पण कुंडीचं बूड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. सकाळी ११ आणि दुपारी ३ वाजता फरशीवर, भिंतीवर पाणी शिंपडा. शेजारी नेचे, मनीप्लांट, अळू अशी मोठ्या पानांची झाडं दाटीने ठेवली की हवेतला ओलावा टिकतो. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट असते, तिथे फरशी ओली करण्यापेक्षा वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं.

काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात आतून तापते. ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा, मधे बोटभर जागा सोडा. बाजूने भोकं असलेली मातीची कुंडी सगळ्यात बरी.

पाणी

वेळ सकाळी ६ ते ८. कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत लावलेल्या डेंड्रोबियमला रोज. नारळाच्या सोडणात लावलेल्या फॅलेनॉप्सिसला दोन-तीन दिवसांनी, कुंडी उचलून हलकी लागली तरच. टोपलीत मुळं लोंबणाऱ्या व्हँडाला रोज सकाळी, कडक उन्हाळ्यात संध्याकाळी ४ च्या सुमारासही. पाणी पुरलं की नाही हे मुळंच सांगतात: कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. व्हँडाच्या मुळांवर एकदा पाणी मारून थांबू नका, पाच मिनिटांनी पुन्हा मारा. पहिलं पाणी बरंचसं ओघळून जातं.

पहिल्या धारेचं पाणी मात्र हातावर घेऊन बघा. गच्चीवरच्या टाकीतलं किंवा उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी मुळं भाजण्याइतकं गरम असू शकतं. बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी उत्तम. उन्हाळ्यात टँकर-बोअरचं जड पाणी आलं की कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. आठवड्यातून एकदा साध्या, शक्यतो कमी क्षारांच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

बाजारातून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांत बरेचदा मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा असतो. वरून कोरडा दिसतो, आत आठवडाभर ओला राहतो. बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या. तिथे कुजलं तर नवं पान येण्याची जागाच जाते.

खत हात राखून द्यावं: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, कुंडी आधी ओली करून. पारा ३८ च्या वर असेल तर तेही नको. कुंडी बदलणं एप्रिल-मेमध्ये टाळा.

कीड

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पान उलटून बघा, खालून बारीक रुपेरी ठिपके आणि विरळ जाळं दिसतं. दर तीन दिवसांनी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, सकाळीच. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुलिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण, फवारणी ऊन उतरल्यावरच. तेल लागलेलं पान उन्हात भाजतं.

वळीव आला की

मे महिन्यात आभाळ भरून आलं की टांगलेल्या कुंड्या उतरवून घ्या, वादळात त्या एकमेकींवर आपटतात आणि गारांनी पानं फाटतात. सरीनंतर बेचक्यातलं पाणी टिपून काढा आणि कुंडी हलकी होईपर्यंत पाणी बंद ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फॅलेनॉप्सिसवर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर तयार हवं, बाजू मोकळ्या. डेंड्रोबियम आणि व्हँडा पावसात भिजू द्या. चांगल्या निचऱ्याच्या कुंडीत त्यांना नवी मुळं आणि कोंब याच दिवसांत फुटतात, आणि ते फुटले की खत पुन्हा सुरू करा.