इंग्लंडमध्ये घर बांधताय? आधी कुदळ लपवून ठेवा

गणपतीच्या जेवणात एक नवीन जोडपं आनंदाने म्हणालं, "प्लॉट घेतला, आता परवानगी काढू." माझा घास घशातच अडकला.

जमीन तुमची झाली म्हणून तिच्यावर घर बांधता येईलच असं नाही. ग्रीन बेल्टमधला, म्हणजे शहराभोवती सहसा बांधकाम करू देत नाहीत त्या पट्ट्यातला, तुकडा स्वस्त मिळतो तो उगाच नाही. गंमत म्हणजे जमीन दुसऱ्याची असली तरी परवानगीचा अर्ज तुम्ही करू शकता, मालकाला रीतसर नोटीस दिली की झालं. म्हणून सौदा 'परवानगी मिळाली तरच' या अटीवर करा.

नकाशे आर्किटेक्ट बघेल. निर्णयाची मुदत 8 आठवडे, पण कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, वाढवून मागतं. जुन्या छपरात वटवाघळं निघाली तर त्यांची पाहणी उन्हाळ्यातच होते. ऑक्टोबरात कळलं तर पुढच्या मे महिन्यापर्यंत बसा. शेजाऱ्यांना आधी भेटा. इथला माणूस तोंडावर 'लव्हली' म्हणतो आणि रात्री दोन पानी हरकत नोंदवतो.

आता नीट ऐका. मंजुरी आली की पेढे वाटा, पण मातीला हात लावू नका. बरीच कौन्सिलं नव्या बांधकामावर चौरस मीटरच्या हिशेबाने कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीचा आकार, लावतात. स्वतः राहायला बांधणाऱ्याला ती माफ होते, पण मागितली तर. काम सुरू होण्याआधी माफी मंजूर करून घ्यायची आणि मग, तेही आधीच, काम कधी सुरू होणार हे कौन्सिलला कळवणारी कमेन्समेंट नोटीस द्यायची.

2017 मध्ये माझी माफी मंजूर होती. भरलेली नोटीस फ्रिजवर चुंबकाखाली, सोमवारी पाठवायची म्हणून. बिल्डरला मशीन शुक्रवारीच मिळालं आणि त्याने जुनं गॅरेज पाडलं. पाडकाम हीसुद्धा 'सुरुवात' धरतात! तेव्हाच्या नियमाप्रमाणे माफी गेली, 23,000 पौंड भरले. आपली मंडळी सांगतील, "काही होत नाही रे, मागाहून देऊ." ही पुण्याची सवय, आधी बांधा आणि मग दंड भरून नियमित करा. इथे नोटीस पोचल्याची लेखी पोच हातात येईपर्यंत बिल्डरला फाटकाची किल्लीसुद्धा देऊ नका.

माफी मिळाल्यावर त्या घरात 3 वर्षं राहावं लागतं. बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकाम कसं असावं याच्या नियमांची, मंजुरी वेगळी. साहित्यावरचा व्हॅट घर पूर्ण झाल्यापासून 6 महिन्यांत परत मागता येतो, तेव्हा पावत्या जपा. आमच्या फ्रिजवर आता त्याच असतात.